कम्युनिटी कॉलेजचा निकाल लावायचा कसा?

सदाफुली (धागाकर्ती)

परवा आईचा फोन आला. दहावीच्या निकालाचा दिवस होता. शेजारच्या काकूंच्या नातवाला किती पडले, कुठल्या शाळेचा शंभर टक्के लागला हे सगळं सांगून झालं आणि मग सहज विचारलं, "तुमच्या कॉलेजचा निकाल किती लागला गं?"

मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या (म्हणजे दोन वर्षांच्या, स्वस्तातल्या सरकारी कॉलेजच्या) संशोधन कार्यालयात काम करते. नाव भारदस्त असलं तरी तिथे ना सूक्ष्मदर्शक ना परीक्षानळ्या. कॉलेज स्वतःचीच नाडी बघतं, ते काम आमचं. किती आले, किती टिकले, किती पास झाले, गेले ते कुठे गेले. म्हणजे निकाल मोजायचाच मला पगार मिळतो. तरी आईला एक आकडा सांगता येईना, आणि तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय. म्हणून हा धागा.

तसा सरकारी आकडा आहे. १९९० साली इथे एक केंद्रीय कायदा झाला: कॉलेज निवडण्याआधी तिथले किती जण पदवी घेऊन बाहेर पडतात हे मुलांना कळलं पाहिजे. या कायद्यामागे बिल ब्रॅडली आणि टॉम मॅकमिलन हे माजी बास्केटबॉलपटू होते. कॉलेजं खेळाडूंना खेळवून घेतात आणि पदवीविना वाऱ्यावर सोडतात, ते त्यांना चव्हाट्यावर आणायचं होतं. हेतू चांगलाच. पण त्यातून जी फूटपट्टी निघाली ती वसतिगृहात राहणाऱ्या, अठरा वर्षांच्या, पूर्णवेळ शिकणाऱ्या पोराच्या मापाची. नियम असा: पहिल्यांदाच कॉलेजात आलेले, पूर्णवेळ नाव घातलेले, पदवी किंवा प्रमाणपत्रासाठी आलेले विद्यार्थी घ्यायचे आणि ठरलेल्या मुदतीच्या दीडपट काळात त्यातले किती पार झाले ते मोजायचं. आमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, म्हणून तीन वर्षं.

आता आमच्याकडे कोण येतं? देशभरातल्या कम्युनिटी कॉलेजांत साधारण दोन तृतीयांश विद्यार्थी अर्धवेळ आहेत. रात्रपाळी करून सकाळी वर्गात येणारा, दोन लेकरांची आई, बारावीनंतर दहा वर्षांनी परत आलेला, विद्यापीठात शिकत असताना उन्हाळ्यात स्वस्तात एक गणित उरकून जाणारी. सरकारी व्याख्येतून यातलं जवळपास कोणीच जात नाही.

इथे शिकलेले, शिकवणारे, मुलांना पाठवणारे बरेच जण असतील. तुम्ही कसं मोजाल?

मोगरा७

छान विषय. वाचतेय. (पहिला नंबर!)

तिखटमीठ

सदाफुली, मी शिकलेय की! एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारावर आले होते, नोकरीची परवानगी नाही, घरात बसून वेड लागायची पाळी. वर्षभर थांबले म्हणजे रहिवाशांचा दर मिळाला, युनिटला (म्हणजे एका क्रेडिटला) ४६ डॉलर. संध्याकाळचे अकाउंटिंगचे कोर्स धरले, एका सेमिस्टरला एक, फार तर दोन. नवरा घरी आला की मी पोराला त्याच्या हातात देऊन बाहेर. वर्गात माझ्या एका बाजूला साठीचे एक व्हिएतनामी काका, दुसऱ्या बाजूला गॅरेज चालवणारा एक मुलगा. प्राध्यापक बाई अशा होत्या की ताळेबंद जुळला नाही तर जुळेपर्यंत घरी सोडायच्या नाहीत.

२०१५ मध्ये एच-फोरवाल्यांना कामाची परवानगी मिळायला लागली, पुढे मलाही मिळाली. एका सीएच्या ऑफिसात लागले आणि कॉलेज तिथेच सुटलं. पाच कोर्स झाले, प्रमाणपत्र काही घेतलं नाही. मग तुमच्या हिशोबात मी नापास का?

सदाफुली

नापास नाहीस गं. नापास व्हायला आधी हजेरीपटावर नाव लागतं. तू अर्धवेळ होतीस, त्या मोजणीत तू नाहीसच. ना वरच्या संख्येत, ना खालच्या. तू नोकरीला लागलीस याचं श्रेय कॉलेजला नाही आणि तुझं शिक्षण अर्धवट राहिलं असतं तर त्याचा दोषही कॉलेजला आला नसता. मला यातला दुसरा भाग जास्त बोचतो.

कॅलिफोर्नियाने पुढे तुझ्यासारख्यांना एक नाव दिलं, 'स्किल्स बिल्डर'. एकदोन कोर्स करून पगार वाढवून घेणारे. त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या मिळकतीची तुलना करतात. पण तुला आधी मिळकतच नव्हती, म्हणजे तिथेही तू फटीत पडलीस.

एडिसनकर

आमच्याकडे न्यू जर्सीत याला काउंटी कॉलेज म्हणतात. आमच्या थोरल्याला एनजे स्टार्स या राज्याच्या योजनेतून फी माफ झाली (बारावीला वर्गातल्या वरच्या १५ टक्क्यांत आल्यावर मिळते). तेव्हा आमच्या मित्रमंडळींत असं तोंड केलं होतं लोकांनी, जणू पोरगं वाया गेलं. "अरे, इतका हुशार आणि काउंटीत?" गणपतीच्या आरतीला सुद्धा हाच विषय. खरं सांगायचं तर मलाही लाज वाटली होती, आता लाज वाटल्याची लाज वाटते.

तो एका वर्षातच रटगर्स विद्यापीठात गेला. आता नोकरी करतो, कर्ज शून्य. माझा प्रश्न: तो काउंटीच्या आकड्यात यशस्वी की अयशस्वी?

सदाफुली

@एडिसनकर, पूर्णवेळ होता म्हणजे तो मोजला गेला, आणि पदवीधरांच्या आकड्यात तो नाही. असोसिएट, म्हणजे आमची दोन वर्षांची पदवी न घेता गेला ना! बदली होऊन गेलेल्यांचा वेगळा रकाना असतो, पण वर्तमानपत्रात आकडा छापून येतो तो पदवीचाच. म्हणजे तुमच्या घरातली सगळ्यात चांगली गोष्ट कॉलेजच्या निकालात एक पदवीधर कमी करून गेली.

उलट तो दोन वर्षं थांबून असोसिएट घेऊन गेला असता तर न्यू जर्सीच्या २००७ च्या कायद्यामुळे तिथल्या सार्वजनिक विद्यापीठांत सगळी क्रेडिट्स धरली गेली असती. लवकर जाणाऱ्यांची क्रेडिट्स कधीकधी गळतात. म्हणून "पदवी घेऊनच जा" असं आम्ही सांगतो त्यात थोडा तुमचा फायदा असतो, थोडा आमच्या आकड्यांचा. कुठला किती, ते विचारू नका.

शंकासुर

सगळे भावुक झालेत म्हणून थोडं पाणी ओततो.

माझा पेशा डेटाचा. प्रत्येक दुकानदार म्हणतो, "आमचं गिऱ्हाईक वेगळं आहे." प्रत्येक कमी निकालाची शाळा म्हणते, "आमच्याकडे पोरंच तशी येतात." तिखटमीठ आणि एडिसनकरांचा मुलगा ही दोन गोड उदाहरणं झाली. पण जी पोरं पदवी घ्यायलाच आली होती आणि दुसऱ्या सेमिस्टरला दिसलीच नाहीत, त्यांचं काय? ती या धाग्यावर प्रतिसाद द्यायला येणार नाहीत. करदात्याचे पैसे आहेत. फूटपट्टी वाकडी आहे म्हणून मोजूच नका, असं म्हणायचंय का?

सदाफुली

@शंकासुर, नाही, तसं अजिबात म्हणायचं नाही. तुमचं बरोबर आहे, आणि आमच्याच लोकांना ते सांगताना मला बैठकीत दोनदा चहा गार करून प्यावा लागलाय.

फूटपट्टी सुधारली तरी चित्र सोज्वळ होत नाही. २०१५-१६ पासून केंद्र सरकार अर्धवेळ आणि दुसरीकडून आलेले विद्यार्थीही मोजायला लागलंय, आठ वर्षांपर्यंत मागोवा घेऊन. नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस या देशभरच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेमुळे एक विद्यार्थी आमच्याकडून निघून कुठल्या राज्यात, कुठल्या कॉलेजात गेला तेही कळतं. हे सगळं मिळवूनही बरेच जण कुठेच पोचलेले दिसत नाहीत.

आणि "पोरंच तशी येतात" या सबबीचा निकाल न्यूयॉर्कने कधीच लावलाय. सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये 'असॅप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. एमडीआरसी या संस्थेने त्याची नीट चाचणी घेतली. पात्र विद्यार्थ्यांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला नेहमीचं कॉलेज, दुसऱ्याला असॅप. त्यात काय होतं? पूर्णवेळ शिकायची अट, फीमध्ये जी तूट राहील ती भरणं, पुस्तकं, मेट्रोचा पास, आणि एका सल्लागारामागे ६० ते ८० विद्यार्थी. नेहमीच्या कॉलेजात एका सल्लागारामागे ६०० ते १५०० असायचे. तीन वर्षांनी नेहमीच्या गटातले २२ टक्के पदवीधर झाले, असॅपमधले ४० टक्के.

तीच पोरं, तेच प्राध्यापक, तीच शहरातली धावपळ. पुढे ओहायोतल्या तीन कॉलेजांत हाच प्रयोग केला, तिथेही जवळपास तेवढाच फरक पडला. दरडोई खर्च वाढला, पण एका पदवीमागचा खर्च कमी झाला. तेव्हा कॉलेजची परिणामकारकता म्हणून काहीतरी असते आणि ती मोजताही येते. फक्त तुलना कोणाशी, ते आधी ठरवावं लागतं.

शंकासुर

हे आवडलं. यादृच्छिक गट म्हटल्यावर आमच्यासारख्यांची बोलती बंद होते. पण मग दरवर्षी सगळी कॉलेजं हे का करत नाहीत?

सदाफुली

पैसे. आणि निम्म्या विद्यार्थ्यांना "तुला मेट्रोचा पास नाही" असं तोंडावर सांगायला कोणी तयार नसतं.

आबा_निदेशक

मेट्रोच्या पासाचं वाचून हसू आलं. मी नाशिक जिल्ह्यात आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडचा निदेशक होतो, आता निवृत्त. आमच्याकडे पोरगं गळायचं ते वेल्डिंग जमत नाही म्हणून क्वचित. गळायचं ते एसटीच्या पासाची मुदत संपली म्हणून, कांदे काढायला घरी माणूस नाही म्हणून, नाहीतर भावाने मोटरसायकल नेली म्हणून. प्राचार्यांकडे अहवाल जायचा त्यात कारणाचा रकाना होता. त्यात आम्ही 'अनियमित' एवढंच लिहायचो. 'कांदे' लिहायला जागा नव्हती.

दुसरं म्हणजे तुम्ही सगळे पदवी पदवी करताय. शिकला की नाही हे कोण बघतं? वेल्डिंगमध्ये पळवाट नसते. सांधलेल्या पट्टीचा तुकडा कापायचा, घासायचा आणि इंग्रजी यूसारखा वाकवायचा. भेग पडली तर गेला. तीन मिलीमीटरच्या वर फट दिसली की नापास, मग पोरगं आमदाराचं असो.

वारणाकाठ

आबा, दंडवत! तुमची ती पट्टी वाकवायची सोय आमच्याकडे नाही म्हणून तर सगळा घोळ आहे.

मी कोल्हापूर भागातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. (नाव सांगत नाही, नोकरी प्यारी आहे.) २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा (अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या) कायम सदस्य झाला आणि एनबीए या मान्यता देणाऱ्या मंडळामार्फत आमच्याकडे 'आउटकम बेस्ड एज्युकेशन' जोरात आलं. प्रत्येक विषयाला पाचसहा कोर्स आउटकम, म्हणजे सीओ. अख्ख्या शाखेचे प्रोग्राम आउटकम, म्हणजे पीओ. मग कुठला सीओ कुठल्या पीओला किती लागू पडतो, त्याचा तक्ता: १, २, ३. मग प्रश्नपत्रिकेतल्या प्रत्येक प्रश्नापुढे सीओचा क्रमांक. मग अमुक टक्के मुलांना अमुक टक्के गुण पडले की अटेनमेंट 'लेव्हल ३'.

कागदावर वाचलं तर यात काहीच चूक नाही. शिकवण्याआधी पोराला काय यायला हवं ते ठरवा, मग ते आलं का बघा. माझी आजी भाकरी शिकवताना हेच करायची. पण प्रत्यक्षात तपासणी समितीची भेट जवळ आली की डिपार्टमेंटमध्ये रात्री दहापर्यंत एक्सेल. लक्ष्य आधी ठरवायचं असतं, आमच्याकडे गुण आल्यावर लक्ष्य ठरतं. तरी एका विषयात लेव्हल २ च आली तर 'कृती अहवाल' लागतो, तो मागच्या वर्षीचा तारीख बदलून. गेल्या वेळी तारीख बदलायची राहिली होती, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

अमेरिकेत हे कसं चालतं? तिथे तरी खरं असतं का?

सदाफुली

@वारणाकाठ, मला वाटलं तुम्ही आमच्याच कॉलेजबद्दल लिहिताय!

आमच्याकडे त्याला एसएलओ म्हणतात, स्टुडंट लर्निंग आउटकम. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांना मान्यता देणारं जे मंडळ आहे, एसीसीजेसी, त्याने २००२ च्या निकषांत ते आणलं. मंडळ सरकारी नाही, कॉलेजांनीच मिळून चालवलेलं. पण त्याची मान्यता गेली की विद्यार्थ्यांना केंद्राची पेल ग्रँट ही आर्थिक मदत बंद, म्हणजे कॉलेज बंद. तेव्हा मंडळ म्हणेल ती पूर्व. आमच्याकडेही प्राध्यापक सेमिस्टरच्या शेवटच्या शुक्रवारी "७० टक्के मुलांनी निकष गाठला" असं टाकून मोकळे होतात. मी मागच्या तीन वर्षांचं बघितलं तर कोणाच्याच विषयात ६९ नाही. ७१, ७२, ७०. अख्ख्या कॉलेजात एकही ६९ नाही!

सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजचं प्रकरण आठवतं का कोणाला? हे मंडळ किती जोरात चावू शकतं ते तेव्हा दिसलं. जवळपास नव्वद हजार विद्यार्थ्यांचं कॉलेज. २०१२ मध्ये मंडळाने "मान्यता का काढू नये" अशी नोटीस दिली, आणि जुलै २०१३ मध्ये वर्षभराने मान्यता काढणार असं जाहीर केलं. आक्षेप कशावर? मुख्यतः पैशांचं नियोजन, कारभार कोण चालवतं याचा गोंधळ, मूल्यमापनाची यंत्रणा. शहराचे सरकारी वकील डेनिस हेरेरा मंडळाविरुद्ध कोर्टात गेले. २०१५ च्या जानेवारीत न्यायमूर्ती कर्नाव यांनी निकाल दिला की मंडळानेच प्रक्रियेत कायदा मोडलाय. शेवटी २०१७ च्या जानेवारीत कॉलेजला पूर्ण सात वर्षांची मान्यता परत मिळाली.

तोवर हजारो विद्यार्थी निघून गेले होते. बंद पडणार म्हटल्यावर कोण नाव घालणार? कॉलेजचा कारभार ढिसाळ नव्हता असं मी म्हणत नाही, होता. पण संस्थेची परिणामकारकता तपासताना ती तपासणीच संस्थेला इतकी महागात पडली. तेव्हापासून आमच्याकडे 'मान्यता' शब्द निघाला की सगळे ताठ बसतात आणि तक्ते अजूनच गोंडस होतात.

मोगरा७

'गोंडस तक्ते' :D

अवांतर: वारणाकाठ, भेटीच्या वेळी झाडांना गेरू लावता का अजून?

वारणाकाठ

गेरू, चुना, आणि या वर्षीपासून सेल्फी पॉइंट.

शंकासुर

आबांच्या मुद्द्यावर यायचं तर कम्युनिटी कॉलेजात वाकवून बघता येईल असं काय काय आहे? वेल्डिंग सोडून?

सदाफुली

नर्सिंग. शिकून झालं की एनसीएलईएक्स ही बाहेरची, देशभर एकच परीक्षा. तिचा निकाल कॉलेजच्या हातात नाही. पण तिथेही माणसं हुशार: कच्च्या वाटणाऱ्या विद्यार्थ्याला शेवटच्या सेमिस्टरला अडवून धरलं की परीक्षेला पक्केच बसतात आणि निकाल चकाचक. महाराष्ट्रात नववीत नापास करून दहावीचा शंभर टक्के लावायची जुनी युक्ती आहे ना, तीच.

म्हणून कुठलाही टक्का ऐकला की माझा पहिला प्रश्न असतो: शंभर कोण? टक्केवारीतले वरचे सगळ्यांना दिसतात. घपला नेहमी खालच्या संख्येत असतो. याचं सगळ्यात झणझणीत उदाहरण आमच्या राज्यातलंच आहे.

पूर्वी कॉलेजात आल्यावर गणिताची नि इंग्रजीची प्लेसमेंट चाचणी व्हायची, म्हणजे कुठल्या पातळीच्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी. तयारी न करता आलेलं पोर तासाभरात एक बटणांची परीक्षा देऊन बाहेर यायचं आणि त्याला सांगायचे, तू तीन पायऱ्या खाली. म्हणजे विद्यापीठात धरलं जाणारं गणित घेण्याआधी क्रेडिट न मिळणारे तीन कोर्स. आता हिशोब करा. समजा दर कोर्सला १०० तले ७५ पास होतात, आणि पास झालेल्यांतले ८० टक्के पुढच्या कोर्सला नाव घालतात. दोन्ही आकडे ऐकायला बरेच आहेत ना? चार कोर्स, मधे तीन उड्या. गुणाकार करत गेलं की शेवटच्या वर्गात पोचतात २२ आणि पास होतात १६. शंभरातले सोळा.

आणि त्या शेवटच्या वर्गाचा निकाल मात्र ७५ टक्के! गणित विभाग खूश. बाकीचे ७८ कुठे गेले, ते कोणाच्याच वर्गात नसल्यामुळे कोणाच्याच निकालात नाहीत.

हे आकडे मी समजवायला घेतलेत, पण गळती अशीच होत होती. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये कम्युनिटी कॉलेजांवर काम करणारं एक संशोधन केंद्र आहे. त्यांच्या अभ्यासात असं निघालं की त्या चाचण्या गणितात साधारण चारातल्या एकाला आणि इंग्रजीत तिनातल्या एकाला अगदीच चुकीच्या जागी बसवत होत्या. चाचणीपेक्षा हायस्कूलचे गुण बरा अंदाज देतात. मग कॅलिफोर्नियात २०१७ मध्ये एबी ७०५ कायदा झाला. हायस्कूलचे गुण बघा आणि बहुतेकांना थेट वरच्या वर्गात बसवा. २०१९ च्या फॉल सेमिस्टरपासून पूर्ण अंमल.

आता वरच्या वर्गात सगळे शंभर आले. समजा त्यातले ५० पास झाले. वर्गाचा निकाल ७५ वरून ५० वर! पण पास झालेली माणसं सोळावरून पन्नास.

एडिसनकर

बापरे. म्हणजे निकाल घसरला आणि मुलं वाढली.

शंकासुर

हे मी उद्या ऑफिसात सांगणार आहे. पण उरलेले ५० नापास झाले त्यांचं काय? पहिल्याच सेमिस्टरला गणितात आपटलेलं पोर परत येतं का?

सदाफुली

हाच खरा वाद आहे, आणि आमच्या गणित विभागात यावरून दोन गट आजही एकमेकांच्या टेबलावर जेवत नाहीत. जुन्या पद्धतीत जी मुलं चौथ्या वर्गापर्यंत पोचलीच नसती, ती आता पहिल्याच वर्गात नापास होताना डोळ्यांसमोर दिसतात. वरचं गणित पार करणारे वाढले, तसे पहिल्या प्रयत्नात नापास होणारेही वाढले. काही ठिकाणी वर्गाला जोडून मदतीचा तास ठेवतात, त्याने बरं चालतं म्हणतात. माझा कल एबी ७०५ च्या बाजूने आहे, पण एक प्राध्यापक मला म्हणाले होते, "तुला ते ३४ जास्त पास झालेले दिसतात. मला रोज समोर पन्नास पडलेले दिसतात." त्यांना उत्तर देता आलं नाही.

आबा_निदेशक

त्या सरांना माझा नमस्कार सांगा.

तिखटमीठ

सदाफुली, एक विचारायचं होतं. अर्ज भरताना "तुमचं शैक्षणिक ध्येय काय" असा रकाना होता. मी काय भरलं होतं आठवतच नाही. त्यावरून तुम्हाला कळत नाही का कोण कशाला आलंय ते?

सदाफुली

कळलं असतं तर माझं अर्धं काम संपलं असतं. रात्री अकरा वाजता मोबाइलवर अर्ज भरणारा माणूस समोर दिसेल ते दाबतो. शिवाय पेल ग्रँट हवी तर पदवी किंवा प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम निवडावाच लागतो. त्यामुळे ज्याला फक्त एक कोर्स हवाय पण पैसे नाहीत, तो कागदोपत्री पदवीला आलेला. तुझ्यासारखी, जिला खिशातून ४६ डॉलर भरता येतात, ती खरं लिहू शकते. म्हणजे गरिबाचं ध्येय डेटात आपोआप मोठं दिसतं आणि मग तो 'गळाला' म्हणून नोंद होते.

मी दोन वर्षं मागे लागलेय की अर्जात नको, तिसऱ्या आठवड्यात वर्गात विचारूया: "तू काय घेऊन जायला आलायस?" आणि मग सेमिस्टर संपल्यावर, ते मिळालं का? समितीचं म्हणणं, हा रकाना मान्यतेच्या अहवालात कुठे बसतो ते दाखवा. आबांच्या 'कांद्या'सारखंच झालं.

वारणाकाठ

आमच्याकडे नॅकच्या (महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात 'मिळालं का' च्या जवळ जाणारे प्रश्न असतात. पण मुलांना लिंक पाठवायच्या आधी विभागप्रमुख वर्गात येऊन "आपल्या कॉलेजची इज्जत तुमच्या हातात आहे" असं भाषण करतात. तेवढं टाळा.

एडिसनकर

या सगळ्यात चांगलं कॉलेज ओळखायचं कसं, ते राहिलं. धाकटी पुढच्या वर्षी बारावीत. बायको म्हणते पुन्हा काउंटीच.

सदाफुली

काउंटीचं नाव सांगू नका, खरडवहीत बोलू. इथे दोन गोष्टी सांगते. पदवीच्या टक्क्याशेजारी बदली होऊन गेलेल्यांचा टक्का बघा, आणि गेलेल्यांतले किती पुढे बॅचलर्स झाले ते विचारा. कम्युनिटी कॉलेजांना 'अस्पेन प्राइझ' नावाचं दहा लाख डॉलरचं बक्षीस असतं, त्यात हे बघतात, शिवाय बाहेर पडल्यावरची कमाईही. २०११ चं पहिलं बक्षीस ऑर्लँडोच्या व्हॅलेन्सिया कॉलेजला मिळालं. त्यांनी शेजारच्या विद्यापीठाशी आधीच करार करून ठेवलाय, इथली असोसिएट पदवी घेतली की तिथे प्रवेश पक्का. आणि २०२३ मध्ये टेक्सासच्या अमरिलो कॉलेजला विभागून मिळालं. तिथल्या लोकांनी विद्यार्थी का गळतात ते विद्यार्थ्यांनाच विचारलं आणि मग धान्याची कपाटं, पाळणाघर, गाडीच्या दुरुस्तीला अडीनडीचे पैसे असं सुरू केलं. आबा, ते 'कांदे' लिहितात!

दुसरं, एका सल्लागारामागे किती विद्यार्थी ते फोन करून विचारा. लगेच आकडा सांगितला तर चांगली खूण. "अवलंबून असतं" म्हणाले तर शेवटचा पर्याय ठेवा.

आबा_निदेशक

नातवाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, "आजोबा, तुमचे किती पास झाले?" आता काय सांगू. गावात फॅब्रिकेशनची दुकानं मोजली तर माझी अकरा पोरं आहेत. त्यातली चार परीक्षेला बसलीच नव्हती.

तिखटमीठ

सदाफुली, तू बोललीस म्हणून लॉगिन करून जुना ट्रान्सक्रिप्ट काढला. पासवर्ड मुलाच्या वाढदिवसाचा होता, अजून चालतोय! माझे १५ युनिट झालेत. प्रमाणपत्राला किती लागतात?

सदाफुली

थांब थांब. कुठलं प्रमाणपत्र ते बघावं लागेल, पण बऱ्याच ठिकाणी बुककीपिंगचं १६ चं असतं. एकच युनिट कमी!

मोगरा७

एक युनिटचा योगाचा वर्ग असतो की. घेऊन टाक. पाठही सरळ होईल, निकालही.

सदाफुली

योग नाही चालत, ठरवून दिलेल्यातलेच विषय लागतात. पण एक्सेलचा एक युनिटचा कोर्स बहुतेक कॉलेजांत असतो, आणि तो यादीत असण्याची शक्यता आहे. काउन्सेलरची वेळ घे. जुने कोर्स अजून धरतात का तेही विचार. आणि हो, तू घेतलंस तरी सरकारी तीन वर्षांत तू बसत नाहीस, कॉलेजला काही मिळणार नाही.

तिखटमीठ

अगं, एक्सेल मी ऑफिसात नव्या मुलांना शिकवते! बघते तरी. ४६ डॉलरच आहेत अजून?

सदाफुली

४६ च.